ऑक्टोबरच्या रात्री वीज कुठून आणायची? अणुऊर्जेच्या बाजूने

पन्नास_हर्ट्झ (धागाकर्ता)

मंडळी, तीस वर्षं वीज नियंत्रण कक्षात पाळ्या केल्या, २०२२ ला निवृत्त झालो. सौरऊर्जेवरच्या एका चर्चेत 'आता अणुवीज हवीच कशाला' असं तीन-चार जणांनी लिहिलं. तिथे उत्तर फार लांबलं असतं, म्हणून हा वेगळा धागा.

आमच्या कामात सगळ्यात जड काळ म्हणजे दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस. पाऊस ओसरलेला असतो, वारा पडलेला असतो आणि उकाडा मे महिन्यासारखा. साताऱ्याच्या पठारावरच्या ज्या पवनचक्क्या जुलैत भरभरून वीज देतात, त्या ऑक्टोबरात जेमतेम फिरतात. चारनंतर सौर झपाट्याने उतरते, सव्वासहाला संपते. नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, एसी लागतात. कक्षात भिंतीवर ग्रीडच्या वारंवारितेचा मोठा आकडा असतो; मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की तो खाली जातो. ५०.०२, ४९.९७, ४९.९३... ठरलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ चा. आकडा खालच्या कडेला आला की बोलणं थांबतं आणि हात फोनकडे जातो. कोयनेला फोन लावायचा, दोन मशीन घ्या म्हणायचं. कोयना काही मिनिटांत भार उचलते, तिचे उपकार विसरता येत नाहीत. पण तिचं पाणीही मोजून आहे. विजेसाठी पश्चिमेला वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी दिलं आहे, आणि ते जूनपर्यंत पुरवायचं असतं.

म्हणजे उरतो कोळसा. आणि पावसाळ्यात खाणीत पाणी भरतं, त्यामुळे ऑक्टोबरात कोळशाचे साठेही तळाला असतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशभरातल्या केंद्रांत सरासरी चार दिवसांचा कोळसा उरला होता. त्या पाळ्या मी केल्या आहेत. घरी जाऊन झोप लागायची नाही.

२०२५ च्या मध्यावर देशाच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून इतर स्रोतांचा झाला. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण वर्षभरात प्रत्यक्ष किती युनिट तयार झाली ते बघा. अजूनही सत्तर टक्क्यांच्या वर वीज कोळशाची, आणि अणुवीज जेमतेम तीन टक्के.

आपल्या २२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या भट्टीत इंधनाचा एक जुडगा असतो. जस्तासारख्या दिसणाऱ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या १९ नळ्या एकत्र बांधलेल्या. लांबी अर्धा मीटर, जाडी आठ सेंटिमीटर, वजन साडेसोळा किलोच्या आसपास. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये बनतो. एका प्रशिक्षणात मी त्याचा नमुना दोन्ही हातांत धरला होता. तान्ह्या मुलाला धरावं तसा तो मावतो. खरा जुडगा भट्टीतून बाहेर येईपर्यंत साधारण साडेसहा लाख युनिट वीज देऊन जातो. महिन्याला शंभर युनिट वापरणारी पाचशे घरं त्यावर वर्षभर चालतील. तेवढ्याच विजेसाठी आपल्याकडचा कोळसा जाळायचा तर रेल्वेच्या सात-आठ वाघिणी लागतात, आणि दीडशे टनांहून जास्त राख मागे राहते.

कार्बनचा हिशोबही बघा. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या (आयपीसीसी) २०१४ च्या अहवालात खाणीपासून मोडतोडीपर्यंत सगळं धरून एका युनिटमागे कोळशाचे ८२० ग्रॅम, छतावरच्या सौरचे ४१, अणुविजेचे १२ आणि किनाऱ्यावरच्या पवनचे ११ ग्रॅम दिले आहेत.

सौर आणि पवन जेवढी उभी करता येईल तेवढी करा, त्यावर माझा वाद नाही. मी अणुवीज मागतोय ती कोळशाच्या जागी. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या आणि कोळशाला मात्र कायद्याने २०३८ पर्यंत मुदत दिली. हा क्रम मला चुकीचा वाटतो. आधी कोळसा जायला हवा होता.

विरोधातली मतं जरूर मांडा, मी वाचणार आहे.

---

वर्धाकाठची

काका, राखेबद्दल लिहिलंत म्हणून लिहिते. विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रापासून चार किलोमीटरवर माझं माहेर. आई सकाळी तुळशीला पाणी घालायच्या आधी ओल्या फडक्याने पानं पुसते. रोज. दोरीवरचे कपडे दुपारच्या आत काढायचे, नाहीतर परत धुवायचे. बाबा कोळसा हाताळणी विभागात होते, त्यांचा बनियन कितीही उकळला तरी कधी पांढरा झाला नाही. निवृत्तीनंतर सहा वर्षांत गेले. शेवटची दोन वर्षं नेब्युलायझर उशाशी होता.

अणुभट्टी म्हटलं की लोक 'स्फोट झाला तर?' विचारतात. विचारावंच. पण आमच्याकडे रोज थोडं थोडं जे होतं त्याची बातमी होत नाही, म्हणून ते कुणी धोक्यात मोजतच नाही.

हेही सांगते, की त्याच केंद्राच्या पगारावर आम्ही दोघी बहिणी शिकलो. केंद्र बंद झालं तर आमच्या गावातल्या चहाच्या टपरीपासून रिक्षापर्यंत सगळं बसेल. म्हणून बदल करायचा तर तिथल्या माणसांना धरून करा.

---

हिशोबनीस

धागा चांगला आहे, पण पैशांचा आणि काळाचा मुद्दा पूर्ण सुटलाय.

२०१७ ला सरकारने ७०० मेगावॉटच्या दहा भट्ट्या एकदम मंजूर केल्या, खर्च १ लाख ५ हजार कोटी. म्हणजे मेगावॉटला १५ कोटी. सौरला साधारण चार-पाच कोटी लागतात. राजस्थानातल्या रावतभाट्याची सातवी भट्टी घ्या. काम २०११ ला सुरू झालं, ग्रीडला जोडली मार्च २०२५ ला. जवळपास चौदा वर्षं! त्याच काळात देशात सौर जवळजवळ शून्यावरून १०० गिगावॉटच्या पुढे गेली.

आणि ही आपली स्वतःची, घोटलेली रचना. कोकणात जैतापूरला ईपीआर नावाची जी फ्रेंच रचनेची भट्टी आणायची म्हणतात तिचं बघा. फिनलंडची ऑल्किलुओटो ३ सुरू केली २००५ ला, नियमित वीज एप्रिल २०२३ ला. फ्रान्समधली फ्लामांव्हील २००७ ला सुरू, ग्रीडला डिसेंबर २०२४ ला, आणि खर्च ३.३ अब्ज युरोंवरून १३ अब्जांच्या वर. अमेरिकेत व्होग्टलच्या दोन नव्या भट्ट्यांना ३० अब्ज डॉलरहून जास्त लागले.

हवामानाला आत्ता वीज हवी आहे. जो पैसा चौदा वर्षं अडकून पडतो त्याचं व्याज शेवटी ग्राहकाच्या बिलात येतं. तोच पैसा बॅटरी आणि पंप्ड स्टोरेजमध्ये (दिवसा पाणी वर चढवायचं, संध्याकाळी सोडून वीज करायची) घातला तर दोन-तीन वर्षांत संध्याकाळचा प्रश्न सुटायला लागेल.

---

पन्नास_हर्ट्झ (धागाकर्ता)

वर्धाकाठची, तुमच्या वडिलांबद्दल वाचून थांबलो. माझ्या फोनवर 'भार वाढवा' ऐकून ज्यांनी कोळसा ओतला त्यांतले ते एक असतील.

हिशोबनीस, तुमचे आकडे बरोबर आहेत. पण मेगावॉटमागचा खर्च बघताना ती मेगावॉट वर्षात किती तास चालते तेही धरा. सौर पूर्ण क्षमतेच्या वीस-पंचवीस टक्के चालते, चांगली अणुभट्टी ऐंशी-पंच्याऐंशी टक्के. एवढं धरलं की पंधरा आणि चार-पाच यांच्यातली दरी बरीचशी बुजते. काळाच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे तोड नाही. चौदा वर्षं हा उशीरच आहे, आणि अणुऊर्जेचं सर्वांत मोठं नुकसान अपघातांच्या खालोखाल या उशिरानेच केलं आहे. एकच रचना ओळीने दहादा बांधायची, तीच माणसं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायची, हाच त्यावर उपाय. फ्रान्सने १९७४ नंतर तेच केलं. गुजरातमधल्या काक्रापारची तिसरी भट्टी जून २०२३ ला आणि चौथी मार्च २०२४ ला व्यावसायिक झाली, ती या ७०० मेगावॉटच्या मालिकेची सुरुवात.

बॅटरीचं म्हणाल तर संध्याकाळी सहा ते दहा बॅटरी जिंकेल, हे मी आज मान्य करतो. पाच वर्षांपूर्वी केलं नसतं. शेतीपंप सौर फीडरवर दिवसा नेल्याने रात्रीचा भारही हलका होतोय, तीही मोठी गोष्ट आहे. माझा प्रश्न रात्री दहा ते सकाळी सातचा आहे, आणि सलग आठ-दहा ढगाळ, बिनवाऱ्याच्या दिवसांचा. चार तासांची बॅटरी दुसऱ्या दिवशी भरायला ऊन लागतं.

आणखी एक. आज दुपारी सौर जोरात असताना कोळशाचे संच बंद करत नाहीत, ५५ टक्क्यांवर आणून ठेवतात, कारण संध्याकाळी ते पुन्हा लागणार असतात. म्हणजे भर उन्हातही चिमणी चालूच. हे चित्र मी रोज बघितलं आहे.

---

थोरियमप्रेमी

शेवटी थोरियमवर वीज करायच्या डॉ. होमी भाभांच्या तीन टप्प्यांच्या योजनेचा उल्लेख कसा नाही? केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे, त्यात थोरियम. आपल्याला बाहेरून युरेनियम आणायची गरजच पडणार नाही!

---

पन्नास_हर्ट्झ (धागाकर्ता)

स्वप्न चांगलं आहे आणि मी ते सोडलेलं नाही. पण थोरियम थेट जळत नाही, आधी त्याचं युरेनियम-२३३ करावं लागतं. त्यासाठी दुसरा टप्पा, म्हणजे कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या फास्ट ब्रीडरसारख्या, जळताना नवं इंधनही तयार करणाऱ्या भट्ट्या हव्यात. तिथे भट्टीचा गाभा भरायला मार्च २०२४ ला सुरुवात झाली. पुढच्या वीस वर्षांचा कोळसा थोरियम हटवणार नाही. या धाग्यात मी त्याच्यावर विसंबत नाही.

---

नाखवा

मी साखरी नाट्याच्या बाजूचा, जैतापूरचा अणुप्रकल्प जिथे व्हायचाय त्याच्या शेजारचा. होडीवरून लिहितोय, रेंज येते-जाते.

तुम्ही ग्रीडचं जे लिहिलंत ते खरं असेल. आमच्याकडे बोलायला आले त्यांनीही असेच आकडे सांगितले. मी बारावीपर्यंत शिकलोय, मला आकडे कळतात. पण एक विचारतो. तुमच्या सगळ्या लेखात मासा कुठे आहे?

भट्टी थंड करायला समुद्राचं पाणी घेणार आणि गरम करून परत सोडणार. सहा भट्ट्या, सगळ्या मिळून दहा हजार मेगावॉटच्या आसपास. किती पाणी ते तुम्हीच काढा. बांगडा एका अंशाच्या फरकाने वाट बदलतो, हे माझ्या आज्याला ठाऊक होतं. खाडीच्या तोंडाशी कोळंबीची पिल्लं वाढतात, ती पाणी ओढणाऱ्या जाळीत जातील. आणि प्रकल्प झाला की समुद्रात सुरक्षेची हद्द आखतात, तिथे जाळं टाकायचं नाही, नांगर टाकायचा नाही. जमीन गेली तर सातबारा दाखवून पैसे मागता येतात. पाण्याचा सातबारा आमच्याकडे नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाण्यावर जगलो, पण कागदावर आम्ही तिथे नाहीच.

माडबनच्या सड्यावर पावसाळ्यात कधी येऊन बघा. लांबून उजाड कातळ दिसतो. जुलै-ऑगस्टात त्याच कातळावर पाय ठेवायला जागा नसते एवढी फुलं. अहवालात त्याला 'पडीक' लिहिलं की आमच्या पोटात तुटतं.

आम्हाला वीज नको असं नाही. बर्फाच्या कारखान्याला वीज लागते, वीज गेली की मासळी सडते. पण मुंबई-पुण्याच्या एसीसाठी सगळं ओझं आमच्याच किनाऱ्याने का उचलायचं?

---

जलसाक्षर

नाखवांच्या मुद्द्याला धरून दुसरी बाजू. 'मग किनारा सोडा, आतल्या जुन्या कोळसा केंद्रांच्या जागी अणुभट्ट्या बांधा' असं आता बरेच जण म्हणतात. मराठवाड्याला विचारा. २०१५ ला परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद पडलं होतं. तेवढ्याच विजेसाठी अणुभट्टीला थंड ठेवायला कोळशाच्या केंद्रापेक्षा जास्त पाणी लागतं, कारण तिची वाफ कमी तापमानाची असते. परळीत ती कशी चालणार? शिवाय भट्टीभोवती साधारण एक किलोमीटरचा मोकळा पट्टा ठेवावा लागतो. आपली कोळसा केंद्रं वस्त्यांनी वेढलेली आहेत.

---

लियाँवासी

फ्रान्समधून लिहितेय. लियाँच्या पूर्वेला ब्युजेचं अणुकेंद्र आहे, त्याच्या वीस किलोमीटरच्या आत आमचं घर. २०१९ ला टपालाने पत्र आलं. ते औषधाच्या दुकानात दाखवलं की पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या मिळतात. स्वयंपाकघराच्या वरच्या खणात, मुलांच्या क्रोसिनच्या बाजूला त्या ठेवल्या आहेत. पहिल्या दिवशी हात थरथरला. आता सणाच्या साफसफाईत तारीख बघते आणि परत ठेवते.

इथली बहुतेक वीज अणुभट्ट्यांची. कोळशाचा वास मी इथे कधी घेतला नाही. पण सगळं गोड नाही. २०२२ ला नळ्यांत गंजाच्या भेगा सापडल्या, ५६ पैकी निम्म्याच्या आसपास भट्ट्या एकाच वेळी बंद होत्या, आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदाच फ्रान्सने वीज विकण्यापेक्षा विकत जास्त घेतली. एकसारख्या रचनेचा हा तोटा. काकांनी एकच रचना दहादा बांधा म्हटलंय, म्हणून मुद्दाम सांगते. उन्हाळ्यात ऱ्होन नदी तापली की भट्ट्यांचा भार उतरवावा लागतो, म्हणजे नाखवादादांचा गरम पाण्याचा प्रश्न इथेही खराच आहे.

एक गोष्ट मात्र महाराष्ट्राने उचलावी असं फार वाटतं. इथे प्रत्येक केंद्राला स्थानिक माहिती समिती असते, कायद्याने. निवडून आलेले लोक, कामगार संघटना, पर्यावरणवाले, सगळे तिच्यात बसतात. केंद्रात काही बारीकसारीक घडलं तरी त्यांना सांगावं लागतं, आणि त्यांना बाहेरून तज्ज्ञ नेमून तपासणी करवता येते. शेजारच्या आजी त्या बैठकीला वही घेऊन जातात. त्या अणुऊर्जेच्या कट्टर विरोधक आहेत, आणि तरीही बैठकीत त्यांना खुर्ची असते.

---

कालीनदी

कारवारचा आहे. कैगाचं अणुकेंद्र आमच्यापासून तासाभरावर, जंगलात, काळी नदीच्या काठी. २२० च्या चार भट्ट्या. पहिली भट्टी ९६२ दिवस सलग चालली, ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत, तो तेव्हा जगातला विक्रम होता. वसाहतीत त्या वेळी पेढे वाटले होते.

त्याच पहिल्या भट्टीचा घुमट १९९४ ला बांधकाम चालू असतानाच आतून कोसळला होता, हेही इथे सगळ्यांच्या लक्षात आहे. सुदैवाने इंधन भरलेलं नव्हतं. त्यानंतर रचना बदलली, परत बांधला, आणि त्याच भट्टीने विक्रम केला. मी दोन्ही गोष्टी मुलांना सांगतो. एकच सांगितली तर ती अर्धी राहते.

---

हिशोबनीस

फुकुशिमावर कुणीच बोललं नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या, अमेरिकन, फुकुशिमासारख्याच उकळत्या पाण्याच्या जुन्या पिढीतल्या. त्यांचं काय?

---

पन्नास_हर्ट्झ (धागाकर्ता)

चार-पाच दिवस लिहिलं नाही, कारण नाखवांना काय उत्तर द्यावं ते सुचत नव्हतं.

आधी फुकुशिमा. लाट चौदा-पंधरा मीटरची आली, बचावाची आखणी सहा मीटरच्या आतली होती, आणि डिझेल जनरेटर तळघरात होते. पाणी शिरलं, वीज गेली, भट्टी थंड ठेवता आली नाही. त्याच किनाऱ्यावर भूकंपाच्या केंद्राला जास्त जवळ असलेलं ओनागावा केंद्र उंचावर बांधलेलं होतं, ते वाचलं. किरणोत्सर्गापेक्षा घाईघाईच्या स्थलांतरात माणसं जास्त गेली. रुग्णालयांतली, वृद्धाश्रमांतली, औषधावाचून. आपत्तीनंतरच्या हालांमुळे गेलेल्यांचा फुकुशिमा प्रांतातला आकडा सरकारी नोंदीत दोन हजारांच्या वर आहे. तारापूरच्या त्या दोन्ही भट्ट्या २०२० मध्ये दुरुस्तीसाठी बंद केल्या. इतक्या जुन्या रचनेला पुन्हा आयुष्य देण्यापेक्षा नवी बांधावी असं माझं मत. माझ्याच बाजूच्या लोकांना ते आवडत नाही.

आता नाखवा. माझ्या लेखात मासा नव्हता. तीस वर्षं मी जो नकाशा पाहिला त्यात केंद्रं ठिपक्यांसारखी होती आणि ठिपक्यांमध्ये रेघा. ठिपक्याच्या शेजारी खाडी आहे, तिच्या तोंडाशी कोळंबीची पिल्लं आहेत, हे त्या नकाशावर नसतं. १८ एप्रिल २०११ ला नाट्यात गोळीबार झाला, एक माणूस गेला. त्या दिवशी मी पाळीवर होतो. बातमी ऐकली आणि परत आकड्याकडे बघितलं. त्याची आज लाज वाटते.

अणुवीज हवी हे माझं मत बदललेलं नाही. जागेबद्दलचं बदललं आहे. जैतापूरचा करार २०१० मध्ये पॅरिस-दिल्लीने ठरवला, सड्यावरच्या माणसांचं मन न वळवता. पंधरा वर्षं उलटली तरी तिथे एकही भट्टी उभी राहिली नाही. हिशोबनीसांच्या उशिराच्या यादीत हा उशीरही धरा, आणि त्यात माणसांना विश्वासात न घेतल्याचाही वाटा आहे. सहा परदेशी भट्ट्या एका किनाऱ्यावर रचण्यापेक्षा जिथे केंद्रं आधीच आहेत, माणसं शिकलेली आहेत, तिथे आपल्या ७०० च्या भट्ट्या वाढवाव्यात. कैगाला पाचवी-सहावी मंजूर आहेच. जलसाक्षर म्हणतात तसं आतल्या भागात पाण्याशिवाय उड्या मारण्यात अर्थ नाही.

आणि कोकणात कधी काही करायचंच ठरलं, तर कुदळ मारायच्या आधी निदान तीन वर्षं समुद्राची मोजणी व्हावी. पाण्याचं तापमान, कुठल्या महिन्यात कुठला मासा, किती. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयासारख्या जागेकडे ते काम द्यावं, नाट्याच्या बंदरावर फलक लावून दर महिन्याचे आकडे मराठीत लिहावेत. आणि लियाँवासींनी सांगितली तशी समिती, जिच्यात विरोधकाला खुर्ची असेल. हे मी शासनाला लिहिणार आहे. मसुदा इथेच टाकतो, दुरुस्त्या सुचवा.

---

वर्धाकाठची

काका, मसुद्यात आमच्याकडची राखही घाला. हवेच्या मोजणीचे आकडे असेच मराठीत, गावात फलकावर. सही मी पहिली करते.

---

नाखवा

मी अजून विरोधातच आहे, ते लिहून ठेवा.

पण मोजणीचं म्हणालात म्हणून सांगतो. वडिलांच्या वह्या आहेत आमच्याकडे. १९८३ पासून रोजच्या. किती वावावर जाळं टाकलं, वारा कुठला होता, काय लागलं, काय भाव मिळाला. तीन वह्या पाण्याने खराब झाल्यात, बाकी वाचता येतात. कुणी मोजायला येणार असेल तर त्याने आधी त्या वाचाव्यात. भाचा फोनवर फोटो काढून देईल. पावसाळ्यात होड्या वर असतात, तेव्हा वेळ असतो.